वचन माझं, शिट्टी आढावांची

आढावसर मोठा माणूस होता, असं मला कुणी सांगू नये. मला ते माहीत आहे, आणि माझं दुखणं तेच आहे.

'होता' म्हणतोय, पण ते हयात आहेत. दौंडला असतात, मुलाकडे. इथं शिरूरमध्ये मात्र सगळे त्यांच्याबद्दल 'होते, होते' असंच बोलतात, कारण ते गेल्यापासून आमच्या मंडळीनं, म्हणजे आमच्या चर्चच्या माणसांनी, त्यांना जवळजवळ संतपदाला चढवलं आहे. चर्चमध्ये काही वाकडं झालं की लगेच कुणीतरी म्हणतं, ''आज आढावसर पाहिजे होते.'' मी शेजारीच बसलेला असतो. मी नसताना 'पाटोळेसर पाहिजे होते' असं कुणी म्हणत असेल, अशी मला अजिबात शंका नाही.

आम्ही दोघं एकाच हायस्कूलमध्ये होतो. मी मराठी शिकवायचो, ते पीटी. पीटीचा मास्तर म्हणजे एखादे सर रजेवर गेले की त्यांचा वर्ग गप्प बसवायला पाठवायचा माणूस. आढावसरांना त्यात कधी कमीपणा वाटला नाही. बुटकी मूर्ती, छाती पुढं, पन्नाशी उलटली तरी पोट आत. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, त्यांना रोज सकाळी ओल्या खडूचा हात. गळ्यात काळ्या दोरीला पितळी शिट्टी. ही शिट्टी रविवारी चर्चमध्येसुद्धा असायची, फक्त शर्टाच्या आत. एकदा शाळेसमोर एसटी न थांबता निघाली, तर यांनी फाटकातूनच शिट्टी मारली. ड्रायव्हरला वाटलं कंडक्टरचीच. गाडी कचकन थांबली आणि पोरं चढली. मी त्याच गाडीला हात करून करून थकलो होतो.

चर्चमध्ये शास्त्रवाचन आम्ही आळीपाळीनं करायचो. माझं वाचन कसं, तर जिथं थांबायचं तिथं थांबून, जिथं आवाज चढवायचा तिथं चढवून. वक्तृत्वस्पर्धेच्या ढाली माझ्या घरात कपाटावर आहेत, आणि त्यांच्यावर फडकं टाकलेलं नाही. मी वाचायला लागलो की बायका पोरांची नाकं पुसून घ्यायच्या आणि पुरुष घड्याळं बघायचे. आढावसर वाचायचे कवायतीच्या आवाजात. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, 'न' आणि 'ण' यांच्यात भेदभाव नाही. पण ते मोशेला घेऊन तांबड्या समुद्रापाशी पोचले की बाकावरचे म्हातारे पाय आखडून घ्यायचे. उपासना सुटल्यावर बायका म्हणायच्या, ''काय वाचलं सरांनी! डोळ्यांपुढं उभं राहिलं.'' त्या बायकांत माझी बायको सुशीलाही असायची. घरी येईपर्यंत ती तेच बोलायची, आणि मी 'हं' म्हणत चालायचो.

आढावसर चर्चला सगळ्यांच्या आधी येणार आणि शेवटच्या बाकावर बसणार. मी पहिल्या बाकावर बसतो. तिथंही कुणीतरी बसलं पाहिजे.

त्यांचं एक वाक्य होतं. शाळेतल्या पोरांना प्रतिज्ञा विसरायला होईल, पण ते विसरायचं नाही. ''पुढच्याच्या पायाकडं बघायचं न्हाई. कान ढोलाकडं!'' संचलनात सगळ्यात पुढच्या पोराचा पाय चुकला की त्याच्या मागचा त्याचं बघून पाय बदलतो, त्याच्या मागचा त्याचं बघून, आणि बघता बघता अख्खी रांग चुकीच्या पायावर चालायला लागते. ''आन् गंमत म्हंजी,'' आढावसर सांगायचे, ''सगळेच चुकले की कुणालाच चुकल्यासारखं वाटत न्हाई. ढोल तेवढा एकटा पडतो.'' मी मराठीचा माणूस. हे वाक्य मला सुचायला हवं होतं.

एका सव्वीस जानेवारीला तालुक्याचे एक पुढारी पाहुणे होते. त्यांच्या पुतण्याला रांगेत सगळ्यात पुढं उभं करा, असा हेडसरांना आधीच फोन आलेला. माईकवर मी होतो. निवेदन आठवडाभर घासूनपुसून तयार केलेलं. 'शिस्तीचं हे चालतंबोलतं शिल्प आता आपल्यासमोरून' असं मी म्हणतोय, तोच पुतण्याचा पाय चुकला आणि शिल्प मागपर्यंत चुकत गेलं. पाहुण्यांचा हात सलामीसाठी कपाळाला लागलेला. अशा वेळी शहाणा माणूस दुसरीकडे बघतो. आढावसरांनी शिट्टी मारली. ''थांब! पीछे मुड!'' अख्खी रांग फाटकापर्यंत परत नेली. पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ''बाळा, तू आता मागं ये. ढोल ऐकत ऐकत चाल, व्हईल बराबर.'' मग सगळं पहिल्यापासून. पाहुण्यांना पुन्हा हात कपाळाला लावून उभं राहावं लागलं. हेडसरांचं तोंड खडूसारखं झालं होतं, पण पाहुणे जाताना हसून म्हणाले, ''असा मास्तर पाहिजे.'' माझ्या निवेदनाबद्दल कुणीच काही बोललं नाही. सुशीलाला विचारलं, तर म्हणाली, ''तुम्ही बोलत होता का? ढोलात ऐकू नाही आलं.''

हे सगळं मी गिळलं असतं, पण ते गृहस्थ माझ्या घरात शिरले. म्हणजे पायानं नाही. आमची स्नेहल आठवीत असताना 'माझे आवडते शिक्षक' हा निबंध मीच वर्गाला घातला होता. मी त्या वर्गाचा मराठीचा शिक्षक, शिवाय त्या मुलीचा बाप. तिनं निबंध आढावसरांवर लिहिला. 'ते पळताना आपल्या शेजारून पळतात, म्हणून आपण दमत नाही,' असं एक वाक्य होतं. आणि ती वही तपासायला माझ्याकडेच आली! ऱ्हस्वदीर्घाच्या चुका होत्या, त्या मी सगळ्या काढल्या. कुठंच मुरवत केली नाही. पण निबंध वर्गात पहिला होता आणि तसे मार्क मला द्यावे लागले. आढावसरांनी तो कुठूनतरी मिळवून वाचला आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत म्हणाले, ''पोरगी तुमच्यावर गेली, सर. लिवणं तुमचंच हाय.'' त्यांना बोलायला काय जात होतं! निबंध त्यांच्यावर होता.

आता त्या भोपळ्याचं सांगतो.

आमच्या मंडळीत पीटरशेठ म्हणून एक आहेत. रांजणगावच्या कंपन्यांना माणसं पुरवायचं त्यांचं कंत्राट. माणूस हसरा, हात सैल, कुणाच्याही दुखण्याखुपण्याला गाडी काढणारा. गावोगावच्या पुढाऱ्यांत उठबस. मंडळीतली निम्मी पोरं त्यांच्याच नावावर कंपनीच्या बसमध्ये चढायची. त्यात आढावसरांचा एकुलता एक आशिषही होता. बरीच वर्षं कंत्राटावर काढलेली. आता पीटरशेठनं शब्द टाकला होता आणि आशिषचं पर्मनंटचं लेटर निघणार होतं. ते आलं की मुली बघायला सुरुवात करायची, असं आढावसरांच्या घरात ठरलेलं.

मंडळीच्या सेक्रेटरीपदाची निवडणूक दरवेळी भांडणात जायची, आणि चर्चचा पत्रा गळत होता. पंचकमिटीच्या बैठकीत पीटरशेठनं या दोन्हींवर एक तोडगा काढला.

''पलीकडच्या गावात बघा,'' ते म्हणाले. ''सरपंचपद लिलावानं दिलं. जास्ती बोली लावंल तो सरपंच, बाकीच्यांनी अर्ज मागं घ्यायचा. देवळाला सभामंडप झाला. भांडान न्हाई, तंटा न्हाई. सगळीकडं आता असंच चाललंय. आपुनच मागं का राहायचं?''

''पण चर्चचं पद विकायचं म्हणजे...'' मी म्हटलं.

''पद कोन इकतंय, सर? भोपळा इकायचा! कापणीच्या सणाला शेवटचा भोपळा ज्याच्या घरी जाईल, त्याच्याविरुद्ध कुणी उभं राहायचं न्हाई. एवढंच. पैसा पत्र्याला.''

पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, पत्र्याकडे बघत राहिले. बाकीचे आपापल्या पोरांचा विचार करत असावेत. कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाही म्हणालं नाही, आणि आमच्याकडे याला ठराव मंजूर झाला असं म्हणतात.

कापणीचा सण म्हणजे हंगामाचं पहिलं पीक देवापुढं आणायचा रविवार. शेतवाले बाजरीची कणसं, ऊस, अंडी, कोंबडा आणतात, नोकरीवाले साबणाच्या वड्या नाहीतर कुकर. उपासनेनंतर त्या सगळ्याचा चर्चमध्येच लिलाव होतो आणि पैसे चर्चला जातात. लिलाव पुकारायचे अर्थातच आढावसर. एक वार, दोन वार, आणि तिसऱ्या वाराला शिट्टी. शिट्टी वाजली की वस्तू त्याची. शिट्टी वाजल्याशिवाय अंडंसुद्धा टेबलावरून हलायचं नाही, अशी आमच्याकडची रीतच पडून गेली होती.

मला त्या भोपळ्यानं फार संताप आला होता. चार दिवस शास्त्र चाळलं आणि नेमकं वचन सापडलं. मीखा संदेष्ट्याचं. आढावसरांना स्टँडसमोरच्या हॉटेलात चहाला नेऊन ते वाचून दाखवलं. खरं सांगायचं तर कुणाला तरी दाखवायचं होतं.

''अम्री कोन?'' त्यांनी बशीत चहा ओतत विचारलं.

मग मी त्यांना बसून शिकवलं. इस्राएलचा एक राजा अम्री. वाईट. त्याचा मुलगा अहाब बापाच्या वरताण. शेजाऱ्याच्या द्राक्षमळ्यावर डोळा गेला, तर शेजाऱ्याचा जीव घेऊन मळा बळकावला. दोघं मेले. त्यानंतर कितीतरी वर्षांनी मीखा आला आणि पाहतो तर लोक अजून त्यांच्याच रीतीनं चाललेले. तेव्हा तो राजांना नाही, लोकांना बोलला. ते तर गेले, पण तुम्ही अजून त्यांचाच कित्ता गिरवताय, आणि नाश तुमचा होईल!

आढावसरांनी बशी खाली ठेवली. म्हणाले, ''म्हंजी पुढच्याचा पाय चुकला, आन् मागच्यांनी त्येच्याकडं बघून आपला बी चुकवला. असंच ना?''

''ढोबळमानानं,'' मी म्हटलं.

''लई बेस हुडकलं, सर. तुम्ही बोलाच. मी तिथं लिलावाला उभा असणार, मला कुठलं सुचतंय.''

''मी बोलणारच आहे,'' मी म्हटलं. आणि बोलणारच होतो. भाषण तयार केलं. प्रस्तावना, तीन मुद्दे, समारोप. आरशासमोर म्हणून बघितलं. सुशीलानं दारातून ऐकलं आणि पहिल्यांदाच 'चांगलंय' म्हणाली.

सणाच्या दिवशी चर्च भरलं होतं. कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव शेवटी होतं, आभारप्रदर्शनाला. माझा बेत असा की आभार मानता मानता विषयाला हात घालायचा. कार्यक्रमाला क्रम असतो आणि तो पाळायचा असतो, असं माझं तेव्हा मत होतं. आजही आहे.

कणसं गेली, ऊस गेला, कोंबडा आरडाओरडा करत गेला. शेवटी तो भोपळा आला. राहू गावच्या कुणाच्या तरी मळ्यातला, दोन माणसांनी उचलून ठेवलेला. पीटरशेठनं बोट वर केलं आणि बोली लावली. आकडा मी सांगत नाही, पण तेवढ्यात भोपळ्यांचा मळा आला असता. दुसरं बोट कुणी वर करणार नव्हतंच.

''एक वार!'' आढावसर गरजले. ''दोन वार!'' शिट्टी ओठांना लावली आणि थांबले.

वाट बघून पीटरशेठ हसत म्हणाले, ''वाजवा, सर, वाजवा. आशिषचं लेटर गाडीतच हाय माझ्या. पेढे तुम्ही वाटा, भोपळा मी नेतो.''

लोक हसले. आशिष दारापाशी उभा होता, तोही हसला. बापाकडे बघून हसला. मी पहिल्या बाकावरून मान वळवून त्याच्याकडे बघितलं होतं, म्हणून मला ते हसू लक्षात आहे.

आढावसरांनी शिट्टी गळ्यातून काढायला घेतली. दोरी कानात अडकली. ती सोडवायला त्यांना वेळ लागला. शिट्टी त्यांनी भोपळ्याशेजारी टेबलावर ठेवली.

''मंडळी,'' ते म्हणाले, आणि आवाज कवायतीचा नव्हता. ''मीखा म्हणून एक संदेष्टा हुता. त्येच्या टायमाला अम्री राजा मरून कैक वर्सं झाली हुती. त्येचं पोरगं अहाब, त्ये बी मेलेलं. दोघं बी वंगाळ. पर लोकं त्यांच्याच पायावर पाय टाकून चालली हुती. मीखा म्हनला, राजं चुकलं, त्ये गेलं. तुमचा पाय कुनी बांधलाय?''

पीटरशेठ अजून हसतच होते, पण आता नुसतं तोंड तसं राहिलं होतं.

''भाईर पुढारी पदं इकत घेत्यात. त्यांचा पाय चुकलाय. आपुन त्यांच्या रांगंत हाय का? आपला ढोल कंचा हाय? मी जल्मभर पोरांना सांगितलं, पुढच्याच्या पायाकडं बघू नगा. आता हितं शिट्टी मारली, तर उद्या ग्राउंडवर कंच्या तोंडानं उभा राहू? पीटरशेठ, माफी करा. ही शिट्टी न्हाई वाजायची.''

प्रस्तावना नाही, मुद्दे नाहीत, समारोप नाही. संपलं.

मग भोपळ्यावर थाप मारून ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, ''भोपळा तेवढा गुणाचा हाय. बाजाराच्या भावानं कुनाला पायजे?''

बायकांच्या बाजूनं एक हात वर झाला. ''मी घेते, सर,'' म्हणाली. ती सुशीला होती. आठवडाभर आमच्याकडे आढावांच्या पराक्रमाची भाजी होती. शेवटी शेवटी घारगे झाले, तेव्हा भोपळा संपला.

बाहेर पीटरशेठची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. आशिष गाडीमागं धावत गेला. आणि पाळकसाहेबांनी माझं नाव पुकारलं. मी उठलो आणि आभार मानले. पाहुण्यांचे, गायनवृंदाचे, सतरंज्या घालणाऱ्यांचे आणि लिलाव पुकारणाऱ्या आढावसरांचेही. भाषण खिशात होतं, ते खिशातच राहिलं. त्यात आता म्हणण्यासारखं शिल्लक काय होतं?

पुढं काय झालं, तर सेक्रेटरीपदाची निवडणूक रीतसर झाली आणि पीटरशेठच निवडून आले. तो भाग वेगळा. पण त्यासाठी त्यांना दारोदार हात जोडत फिरावं लागलं, आमच्या ओट्यावर बसून बिनसाखरेचा चहा प्यावा लागला. पत्रा वर्गणीतून हळूहळू बदलला. आशिषचं लेटर आलं नाही. पुढच्या महिन्यात त्याचं कंत्राटही गेलं. वर्षभर तो इकडंतिकडं खेटे घालत राहिला, मग दौंडला एका गॅरेजात लागला. आढावसर निवृत्त झाले आणि बिऱ्हाड आवरून त्याच्यामागं गेले.

आणि ते वचन? ते 'आढावसरांचं वचन' झालं. पाळकसाहेब संदेशात, म्हणजे रविवारच्या प्रवचनात, म्हणतात, ''आपल्या आढावसरांचं ते वचन आठवा.'' रविवारच्या शाळेत पोरं ते आढावसरांच्या नावानं पाठ करतात. मीखाचंसुद्धा नाव मागं पडलं, तिथं माझं कुठलं! मी सुशीलाला म्हटलं, ''वचन माझं होतं.''

''मग बोलायचं होतं.''

''माझं नाव शेवटी होतं.''

''शेवटीच होतं,'' ती म्हणाली आणि पोळी उलटली.

यंदा दौंडच्या मंडळीनं मला एका रविवारी संदेशाला बोलावलं. मी मनाशी ठरवून टाकलं. मीखा. तेच वचन, तेच भाषण, प्रस्तावना आणि समारोपासकट. माझा माल मी माझ्या तोंडानं एकदा तरी विकणार होतो. उभा राहिलो तर शेवटच्या बाकावर आढावसर. केस पांढरे, छाती तशीच, बूट तसेच पांढरे. गळ्यात काही नव्हतं. मी बोललो. आणि काय सांगू, लोकांनी ऐकलं! कुणी घड्याळ बघितलं नाही. अहाबाच्या द्राक्षमळ्यापाशी तर एका म्हातारीनं डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, फिटली. आज आढावांची उधारी फिटली.

उपासना सुटल्यावर रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्ड पुढं आले. दोन्ही हातांनी माझा हात धरून म्हणाले, ''सलाम. तुम्हीच का ते पाटोळेसर? वचनवाले?''

''म्हणजे?''

''आढावसर सांगत्यात ना आमाला. म्हणत्यात, त्ये वचन पाटोळेसरांनी हुडकलं, समजावून सांगितलं बी त्यांनीच, मी निस्ता निरोप्या. हितं आमी त्याला पाटोळेसरांचं वचनच म्हणतो. मंग आज सगळी मुद्दाम आली, म्हनलं, बघू तरी कोन मानूस हाय.''

म्हणजे लोक माझं बोलणं ऐकायला नव्हे, आढावांनी वर्णन केलेला माणूस बघायला आले होते. आणि मी जपून ठेवलेली, फडकं मारून चकचकीत ठेवलेली माझी तक्रार त्या माणसानं कधीच निकालात काढली होती, मला न विचारता! माणसानं आपला हेवा करणाऱ्यासाठी काहीतरी शिल्लक ठेवावं. निदान तक्रार तरी.

ते मला एसटी स्टँडवर सोडायला आले. बाकावर बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, ''तब्येत?''

''झकास. तुमच्या स्नेहलचा फोन असतो. तास तास बोलती पोरगी.''

मला ती दोन मिनिटांत 'ठेवते, बाबा' म्हणते. मी विषय बदलला. ''आशिष काय म्हणतो?''

''बरा हाय. कामाचं चाललंय.'' त्यांनी बुटावरची धूळ झटकली. ''माझ्याशी काय म्हनत न्हाई.''

''अजून?''

''जेवा म्हनतो. गोळी घेतली का म्हनतो. तेवढंच. त्येचं बराबर हाय, सर. लेटर त्येचं हुतं, शिट्टी माझी. मी त्येला कुठं इचारलं हुतं?''

मी विचारलं, ''पस्तावा होतो?''

''न्हाई.'' लगेच म्हणाले. मग थांबून म्हणाले, ''पर घरात आवाज लागतो हो मानसाला.''

शिरूरची गाडी केव्हा लागली आणि केव्हा हलली, आमच्या लक्षातच आलं नाही. मी पिशवी घेऊन धावलो. गाडी फाटकाकडं वळलेली. आढावसरांचा हात सवयीनं छातीवर गेला, तिथं शिट्टी नव्हती. मग त्यांनी दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शीळ मारली की स्टँडवरची सगळी माणसं जागच्या जागी उभी राहिली. गाडी कचकन थांबली. मी चढलो, खिडकीची जागा मिळाली.

खिडकीतून बघितलं, तर फाटकापाशी आशिष मोटरसायकलवर आला होता. बापाला न्यायला. त्यानं एक शब्द न बोलता हेल्मेट मागं धरलं. आढावसरांनी ते घातलं, मागं बसले, पाठ ताठ. मोटरसायकल निघाली आणि आढावसर बोलायला लागले. हातवारे करून, हसून, बहुधा आजच्या संदेशाचंच सांगत असावेत, माझंच कौतुक करत असावेत. पुढं आशिषची पाठ. तिनं मान वळवली नाही, होकार दिला नाही. ते बोलत होते आणि पाठ चालली होती. आमची एसटी शिरूरच्या रस्त्याला लागेपर्यंत मला ते दिसत होते.

आयुष्यभर मी त्या माणसाचा आवाज मागत आलो. त्या दिवशी खिडकीतून कळलं की तो आवाज मला मिळाला असता, तर ती पाठही माझ्याच पदरात पडली असती. माझी स्नेहल दोन मिनिटं का होईना, बोलते.

घरी आल्यावर सुशीलानं विचारलं, ''आढावसर कसे आहेत?'' संदेश कसा झाला, हे नाही विचारलं.

''बरे आहेत,'' मी म्हटलं. आणि ती पाठ बघून आल्यावरसुद्धा मला पुन्हा हेवा वाटला.